यीस्टचा उजेड : आधी कोरा ब्रॉथ मोजा

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांच्या हंगामात ‘अंधारात चमकणारे यीस्ट’ हमखास मांडलेले असते. जांभळ्या दिव्याखाली दिसते ती प्रतिदीप्ती, म्हणजे दिव्याचाच उजेड शोषून परत फेकलेला. दिवा मालवला की संपली. वाढत्या यीस्टचा स्वतःचा उजेड खरा आहे, पण चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला फार तर काहीशे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण. तो डोळ्याला दिसत नाही, मोबाइललाही नाही. पेशीतील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होताना उत्तेजित रेणू तयार होतात आणि ते शांत होताना फोटॉन सुटतात.

मोजायला एकेक फोटॉन टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी लागते, आणि सोलापुरात पहिला सामना उन्हाळ्याशी. नळी पूर्ण अंधारातही निव्वळ उष्णतेने पल्स, म्हणजे विजेचे ठोके, देते. त्यात यीस्टचा उजेड सहज बुडतो. म्हणून ती उणे 20 अंशांपर्यंत थंड करतात. मात्र कल्चर, म्हणजे वाढते यीस्ट, 30 अंशांवर असते, त्यामुळे मधल्या काचेवर दव धरते आणि मोजलेले आकडे घसरतात. उपाय दुहेरी काचेचा, मध्ये निर्वात. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली तर तो 30 अंश कुठून आणणार? थंड करणाराच हवा.

खरी फसगत ब्रॉथमध्ये, म्हणजे यीस्ट वाढवण्याच्या पातळ खाद्यात, आहे. लिटरला 10 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 20 ग्रॅम पेप्टोन, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज. यात हवा सोडली की एकही पेशी नसताना उजेड येतो. तेव्हा तीच बाटली, तेवढीच हवा, तेच तापमान ठेवून आधी कोरा, म्हणजे यीस्ट न घातलेला, ब्रॉथ मोजावा. तेही पुरेसे नाही, कारण वाढते यीस्ट ऑक्सिजन खाते आणि ब्रॉथचा वाटा घटतो. पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, धुऊन, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मोजल्या तर आकड्यावर विश्वास ठेवता येतो. ट्यूबलाइटचा उजेड शोषलेले बाटलीचे प्लास्टिकही बराच वेळ मिणमिणत राहते. बाटली आधी अर्धा-एक तास अंधारात ठेवावी. आणि नळीचे व्होल्टेज चालू असताना अंधाऱ्या पेटीचे झाकण उघडले, तर उजेडाने नळी गेलीच म्हणा.

1923 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरविच यांनी कांद्याच्या मुळांतून पेशीविभाजन घडवणारे किरण निघतात असे मांडले. पुढे त्या किरणांचा परिणाम तपासायला यीस्टच्या कळ्या, म्हणजे पेशीवर फुटणाऱ्या नव्या पेशी, नजरेने मोजल्या गेल्या. अनेक प्रयोगशाळांना ते साधले नाही. 1974 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्विकेंडेन आणि क्यू ही यांनी यीस्टचा उजेड यंत्राने मोजून प्रसिद्ध केला. उजेड असणे आणि त्याने शेजारची पेशी वाढणे, हे दोन वेगळे दावे आहेत. ‘बायोफोटॉन’च्या (सजीव पेशींतून सुटणाऱ्या फोटॉनच्या) नावाने माल खपवणारे नेमकी इथेच सरमिसळ करतात.

परीक्षकांनी अशा प्रकल्पाला बक्षीस देण्याआधी कोऱ्या ब्रॉथची नोंदवही मागावी.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन शिक्षक, सोलापूर