जुज मोजतोय

इस्तंबूल, ९ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

काकांना आधी सांग, त्यांची जुजबांधणी मला इथे जुन्या अरबी-फारसी पोथ्या शिकताना भेटली. अरबीत जुज म्हणजे भाग. काकांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात आपण दुमडलेल्या पानांचे जुज करून टाके घालायचो, तेच मी सध्या दिवसभर मोजतोय. पाच जोडपानांचा, म्हणजे दहा पानांचा जुज असेल तर पोथी बहुधा अरबी मुलखातली. चार जोडपानांचा असेल तर इराणकडची असू शकते.

पहिल्या दिवशी मी उत्साहाने मजकूर वाचायला घेतला, तर आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी वर कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, आधी वस्तू बघ. कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटलेलं असतं, दिवा आडवा धरला की चमक दिसते. ओळींसाठी रेघा आखलेल्या नसतात. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून बोटाने दाबायचं, की वळ उठतात. याला मिस्तर म्हणतात. पानाच्या मागच्या बाजूला तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहितात, म्हणजे जुज मागेपुढे होत नाहीत. फारसीत त्याला रिकाबा म्हणतात. आपली घोड्याची रिकीब याच घरातली. जिल्दीचे, म्हणजे बांधणीचे, पुठ्ठे पानांच्या बरोबरीने कापलेले, बाहेर जराही डोकावत नाहीत. डाव्या पुठ्ठ्याला एक जीभ असते, ती पानांच्या कडेवरून येऊन वरच्या पुठ्ठ्याखाली शिरते. काका नक्की म्हणतील, एवढं चामडं परवडायचं कसं!

गेल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. एका पोथीच्या शेवटी, निमुळत्या होत गेलेल्या ओळींत, हिजरी ८५१ लिहिलेलं. म्हणजे इसवी १४४७-४८. मी टिपणात ठोकून दिलं, 'पंधरावं शतक'. बाईंनी पान उजेडावर धरलं. कागदाच्या पोटात ओळीने तीन चंद्रकोरी! मला वाटलं, मुसलमानी खूण. छे, तो इटलीतल्या कागदवाल्यांचा छाप. व्हेनिसहून हा माल उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, बाजारात यायचा, मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकात. नकलनविसाने जुन्या पोथीची नक्कल करताना तिच्या शेवटची तारीखही इमानाने उतरवली होती! लबाडी नाही रे, फक्त आज्ञाधारकपणा. आपणही बोर्डावरची तारीख अशीच उतरवायचो.

जिल्द तर त्याहून नवी निघाली. किडीची भोकं पानांतून सरळ आरपार गेलेली, पण पुठ्ठ्याला एकही नाही. म्हणजे कीड आधी, पुठ्ठा नंतर. इतकं सोपं, आणि मी चार दिवस त्यावरच्या सोनेरी नक्षीकडे टक लावून बसलेलो.

त्याच पोथीच्या पहिल्या पानावर 'या कबीकज' लिहिलंय. कबीकज हा किडींचा राजा समजतात. त्याला हाक घातली की कीड लागत नाही म्हणे. त्या शब्दाच्या मधोमध भोक आहे.

दुकानात कडुलिंबाचा पाला अजून ठेवता का? लिहून कळव.

तुझा,
सुध्या