जोड कशी लागते, ते खेळणाऱ्याला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरचे गेम मुलांना मुद्दाम हरवतात, अशा आशयाचं एका पालकाचं पत्र नुकतंच आपल्या अंकात वाचलं. पारोळ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही तक्रार काउंटरवर सतत कानावर पडते. "दोन-चार डाव जिकू देस, मंग मुद्दाम हरावस," असं पोरं अगदी खात्रीनं सांगतात. मी स्वतः रात्री दुकान वाढवल्यावर लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ आणि कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स खेळतो, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. या तक्रारीतला बराचसा भाग गैरसमजाचा आहे, पण उरलेला भाग अगदी रास्त आहे, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून हे पत्र.

माझे वडील गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्तीच्या जोडी लावायला बसायचे. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, उंची, मान, मनगट बघायचं, मागच्या फडात कोणी कोणाला पाडलं ते आठवायचं आणि मगच जोड ठरवायची. जोड चुकली की कुस्ती मिनिटभरात निकाली आणि लोकांचा आरडाओरडा पंचांवर. ऑनलाइन गेममध्ये लाखो अनोळखी खेळाडूंची जोड लावायची असते, तिथं पंचांचं काम एक आकडा करतो, त्यालाच रेटिंग म्हणतात.

या आकड्याची पद्धत बुद्धिबळातून आली. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला पदार्थविज्ञान शिकवणारे प्रा. आर्पाड एलो यांनी ती बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं ती १९६० साली स्वीकारली, जागतिक संघटना फिडेनं १९७० साली. एलोंचा आकडा म्हणजे पुढच्या डावाचा अंदाज. दोघांचे आकडे सारखे असतील तर दोघांनाही निम्मी संधी. एकाचा आकडा २०० नं जास्त असेल तर त्यानं १०० डावांत साधारण ७६ गुण (जिंकलं की एक, बरोबरी झाली की अर्धा) मिळवावेत, ४०० नं जास्त असेल तर ९१. डाव संपला की अंदाज किती चुकला ते बघून आकडा हलतो. एका डावामागे आकडा जास्तीत जास्त २० नं हलेल असं धरलं, तर बरोबरीच्या गड्याला हरवून १० मिळतात. २०० नं खालच्याला हरवलं तर जेमतेम ५ मिळतात, आणि त्याच्याकडून हरलं तर १५ जातात.

म्हणजे जिंकत गेलं की आकडा चढणार आणि समोर वरचा गडी येणार, हरत गेलं की खालचा. मुलाचा आकडा त्याच्या खऱ्या वकुबापाशी येऊन टेकला, की त्याचे साधारण निम्मे डाव जाणारच. जोड बरोबर लागल्याची हीच खूण आहे. बॅटरी बदलायला आलेल्या एका अकरावीच्या मुलाला हे पटेना, तेव्हा त्याच्याच फोनवर लिचेसची मागची नोंद उघडली. प्रत्येक डावापुढे दोघांचे आकडे आणि डावानंतर झालेला फरक लिहिलेला. सलग जिंकलेल्या डावांत समोरच्यांचे आकडे पायरीपायरीनं वर गेलेले दिसत होते, आणि जिथं तो हरायला लागला तिथं समोरचा त्याच्याहून थोडा वरचा होता. बिलबुकाच्या कोऱ्या पानावर आम्ही तीन-चार डावांचा हिशेब मांडला. बॅटरी बसली तरी पोरगा जागचा हलेना, पुढचे डाव स्वतःच मांडत बसला.

नवीन खेळाडूचा आकडा सुरुवातीला जोरात वरखाली होतो, त्यालाही कारण आहे. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ साली ग्लिको नावाची पद्धत मांडली. तिच्यात आकड्याच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, पहिल्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारा. भरवसा कमी असेपर्यंत लिचेस रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दाखवतं. त्या दिवसांतल्या हार-जितीवरून मुलांनी मनाला लावून घेऊ नये आणि घरच्यांनीही बोलू नये. आणखी एक, मध्यरात्री खेळायला बसलं की रांगेत माणसंच कमी असतात. बरोबरीचा गडी सापडेना की बहुतेक गेम शोधाची कक्षा वाढवत नेतात आणि विषम जोड लागते.

आता रास्त भाग. बुद्धिबळात हा आकडा उघड असतो, बऱ्याच गेममध्ये मात्र तो झाकलेला असतो. पोरांना दिसतात ट्रॉफ्या, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्डचे बिल्ले, आणि जोड लागते भलत्याच, पडद्याआडच्या आकड्यावर. स्टारक्राफ्ट २ हा गेम २०१० साली आला तेव्हा त्यातही असंच होतं, खेळाडूंना लीग, म्हणजे ब्राँझ-सिल्व्हरसारखा वर्ग, आणि त्यातले गुण दिसायचे, जोड लावणारा आकडा नाही. २०१६ साली कंपनीनं आकडा उघड केला आणि गेमचं काही बिघडलं नाही. क्लॅश रॉयल या कार्डांच्या गेममध्ये ट्रॉफी रोडवर, म्हणजे ट्रॉफ्या मिळवत वर चढायच्या मुख्य खेळात, तर कार्डांची लेव्हलही डावात उतरते, आणि ती लेव्हल पैसे टाकून लवकर वाढवता येते. हरलेल्या मुलाला आपली चाल चुकली की कार्ड कमी पडलं, हे कळायला मार्ग नाही.

संशयाला खतपाणी कंपन्यांनीच घातलं आहे. गेममधल्या वस्तू जास्त खपाव्यात म्हणून जोड कशी लावावी, याचं पेटंट २०१७ साली अमेरिकेत ॲक्टिव्हिजन कंपनीला मिळालं. ते कोणत्याही गेममध्ये वापरलेलं नाही असं कंपनीनं सांगितलं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायलाही माझी हरकत नाही. पण आकडा उघड असता तर कुणाच्या शब्दावर विसंबावंच लागलं नसतं. त्या अकरावीच्या मुलाची शंका लिचेसच्या नोंदीनं दहा मिनिटांत फिटली.

'मोठ्या लेव्हलची आयडी मिळेल का' असं विचारत दुकानात येणाऱ्यांना मी परत पाठवतो. विकत घेतलेल्या आयडीवर, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर, खेळणारा स्वतः तर आपटतोच, पण त्याच्या टीममध्ये पडलेल्या चार जणांनाही बुडवतो. उलट चांगल्या खेळाडूनं नवी आयडी काढून नवशिक्यांना झोडपणं हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे, आणि त्याला हुशारी म्हणून टाळ्या मिळतात याचं वाईट वाटतं.

२०२५ साली केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, मान्यता मिळाली आणि गेमच्या नोंदणीसाठी प्राधिकरणाची तरतूद झाली. ई-स्पोर्ट्स म्हणून नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक गेमला या प्राधिकरणानं एक अट घालावी: जोड ज्या आकड्यावर लागते तो आकडा खेळाडूला दिसला पाहिजे, तो कसा हलतो ते मराठीसकट आपल्या भाषांत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि मागच्या सगळ्या डावांत समोरच्याचा आकडा काय होता ते बघता आलं पाहिजे. खान्देशातले आमदार-खासदार आपला अंक वाचतात. त्यांनी ही मागणी दिल्लीपर्यंत न्यावी. आणि जळगाव-धुळ्याकडे गणेशोत्सवात मोबाइल गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती, की चिठ्ठ्या टाकून जोडी लावू नका. प्रवेश घेतानाच प्रत्येकाचं रेटिंग लिहून घ्या आणि त्यावरून गट पाडा. पहिल्या फेरीत नवशिक्यासमोर नवशिकाच येऊ द्या.

आपला नियमित वाचक,
पारोळा, जि. जळगाव