क्विनोआ धुताना आणि शिजवताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी बाबांना रात्रीचा भात कमी करायला सांगितल्यापासून भाताऐवजी काय करावे, असे आई तू विचारत होतीस, म्हणून अर्धा किलो क्विनोआ पाठवत आहे. हे पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ पठारांवरचे हजारो वर्षांचे जुने पीक असले, तरी आपला चाकवत आणि राजगिरा त्याच्याच कुळातले आहेत, त्यामुळे तुझ्या स्वयंपाकघराला ते फार परके वाटणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे धुणे. दाण्यांवर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो. पाण्यात दाणे तळहातांनी चोळलेस की साबणासारखा फेस येईल. फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. पाकिटावर ‘धुतलेला’ असे छापलेले असले, तरी एकदा धुवावाच, कारण थोडा कडवटपणा राहिला तरी बाबा दुसरा घास घेणार नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे. दाणे मोहरीपेक्षा थोडेच मोठे असल्याने नेहमीच्या चाळणीतून निसटतात; चाळणीत पातळ सुती फडके घालून निथळून घे.

एक वाटी क्विनोआला दोन वाट्या पाणी घालावे, उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटे शिजू द्यावे. दाणा पारदर्शक होऊन त्याच्या कडेने पांढरा बारीक कोंब कडीसारखा सुटलेला दिसला, की तो शिजला. गॅस बंद करून दहा मिनिटे झाकूनच ठेव आणि मगच काट्याने मोकळा कर. पुढे फोडणी उपम्याचीच: मोहरी, हिंग, कढीपत्ता, आले, मिरची, आणि भरपूर गाजर, मटार, फरसबी. बाबांच्या कवळीखाली मोकळे दाणे अडकतील असे वाटले, तर मूगडाळ घालून, पाणी वाढवून त्याची मऊ खिचडी करावी. मला स्वतःला तीच जास्त आवडते.

बाबा, आता तुमच्यासाठी. शंभर ग्रॅम कच्च्या क्विनोआत सुमारे 14 ग्रॅम प्रथिने आणि 7 ग्रॅम तंतू असतात, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या मानाने बरेच जास्त. पण पिष्टमय पदार्थही त्यात साधारण 64 ग्रॅम असतात. म्हणून पोटभर खाऊन चालणार नाही. पाव वाटी कच्च्या दाण्यांचा पाऊण वाटी शिजवलेला क्विनोआ होतो, तेवढाच घ्यावा, सोबत वाटीभर आमटी आणि कोशिंबीर असावी. दुपारची ज्वारीची भाकरी मात्र मुळीच सोडू नये; क्विनोआ महाग आहे म्हणून तो भाकरीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही.

गोळ्या मनाने कमी करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्या रात्री क्विनोआ खाल, त्या रात्री जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून आकडा वहीत लिहावा, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवता येईल.

तुमची,
लेक