मोदक आणि नकाशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जगभरच्या 'नास्तिकां'चा नकाशा पाहिला. रात्रभरात राग निवळेल असं वाटलं होतं. निवळला नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक किरकोळ गोष्ट. वर्तमानपत्राच्या कागदावर जांभळ्याच्या पाच छटा (नास्तिक जास्त तिथे गडद) छापायचा सोस कशाला? भिंग घेऊन बसलो तरी झेकिया आणि पोलंड मला एकाच रंगाचे दिसले. आणि खरी गंमत तर त्या दोघांतच आहे. झेक लोक देवापासून दुरावले ते कम्युनिस्टांमुळे, असं नकाशासोबतच्या लेखात लेखक एका वाक्यात सांगून मोकळे होतात. मग पोलंडमध्ये काय रामराज्य होतं? तिथेही तेच कम्युनिस्ट होते, तरी चर्च भरलेली राहिली. झेक लोकांनी 1415 मध्ये आपला धर्मसुधारक यान हुस चर्चच्या हुकमाने जाळला गेलेला पाहिला. 1620 च्या लढाईत हरल्यावर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने त्यांच्यावर कॅथलिक पंथ लादला. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे परक्या राजाचं. पोलंडमध्ये ते परक्या राजाच्या विरोधातलं. एवढं लिहायला दोन ओळी लागल्या असत्या.

आता 'नास्तिक' या शब्दाबद्दल. नकाशातले आकडे 'मी कुठल्याच धर्माचा नाही' असं सांगणाऱ्यांचे आहेत. अमेरिकेत असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळ जण देव किंवा वरची कुठली तरी शक्ती मानतात. आपल्याकडे तर वेद न मानणारा तो नास्तिक; त्या हिशेबाने सगळे जैन नास्तिक, आणि वेद मानणारे पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक पक्के आस्तिक! ज्या शहरात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, जिथे रँग्लर परांजप्यांसारखा उघड नास्तिक फर्ग्युसनचा प्राचार्य होता, तिथल्या वर्तमानपत्राला हे मी सांगावं?

भारत नकाशात जवळजवळ पांढरा आहे. 'भारतीय समाज मुळातच श्रद्धाळू', हे लेखकाचं निदान. असेलही. पण हा पांढरा रंग कसा लागतो ते मी स्वतःच्या दिवाणखान्यात बसून पाहिलं आहे.

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेला एक बाई आल्या. एरवी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन जिने चढून धापा टाकत होत्या. पाणी दिलं, चहा टाकला. नाव झालं, वय झालं, मग धर्म.

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही म्हणजे काय, काका?"

"म्हणजे निधर्मी लिहा."

त्यांनी यादी वाचून दाखवली: हिंदू 1, मुस्लिम 2, ख्रिश्चन 3, शीख 4, बौद्ध 5, जैन 6. दुसरा कुठला धर्म असेल तर नाव पूर्ण लिहायचं, त्याला आकडा नाही. म्हटलं, मग नाव लिहा, निधर्मी. त्यावर बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "पण ते धर्माचं नाव आहे का?"

चाळीस वर्षं वाद घालतोय, याला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या देवघराकडे गेली. निरांजन अजून तेवत होतं. "आणि हे कुणाचं?" आतून सौ.चा आवाज आला, "त्यांचं नका हो ऐकू. चतुर्थीला अकरा मोदक खातात. हिंदू लिहा!" बाईंनी 1 लिहिला, चहा संपवला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

त्या जनगणनेत धर्म न सांगितलेले निघाले सुमारे 28 लाख 67 हजार, म्हणजे 0.24 टक्के. त्यांत मी नाही. अशी किती घरं असतील, कुणी मोजावीत?

आणि तुमचा जपान बघा, गडद जांभळा. तिथला माणूस 'माझा काही धर्म नाही' म्हणतो, 1 जानेवारीला देवळापुढे रांग लावतो आणि मेल्यावर त्याच्यासाठी बौद्ध भिक्खू सूत्रं म्हणतो. म्हणजे जपान्याने मोदक खाल्ला तर तो निधर्मी, मी खाल्ला तर हिंदू! ऑस्ट्रेलियाने 2016 मध्ये 'धर्म नाही' हा पर्याय यादीत सगळ्यात वर आणला. 2021 मध्ये तिथे तसं सांगणारे जवळपास 39 टक्के निघाले. वाढ आधीपासून होतीच, पण निदान खूण करायला चौकट तरी आहे. आमच्या यादीत ती तळालाही नव्हती.

धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही, धर्म नाही असं म्हणायचाही हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं. परवा नातीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. 'धर्म' रकान्यावर लाल चांदणी. रिकामा सोडला तर 'पुढे जा' दाबलंच जाईना. शेवटी सून म्हणाली, "बाबा, उठा, मी भरते."

जाता जाता, त्या नकाशाच्या बरोबर खाली तुम्ही राशिभविष्य छापलं आहे. कन्या राशीला 'देवदर्शनाचा योग'. माझी रास कन्या. मुद्दाम केलंत की जागा उरली होती?

2027 च्या जनगणनेत म्हणे मोबाइलवर आपली माहिती आपणच भरायची सोय असेल. या वेळी मीच भरणार आहे. घरातले सगळे ओटीपी मात्र सौ.च्या मोबाइलवर येतात.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे