पंख्याचे विमान जुनाट नव्हे

महोदय,

छोट्या शहरांची पंख्याच्या विमानांवर बोळवण केली जाते, असा सूर वरचेवर ऐकू येतो. तो चुकीचा आहे. एटीआर-72 या पंख्याच्या प्रवासी विमानात पंख्यामागेही जेटसारखेच गॅस टर्बाइन (तापलेल्या वायूच्या झोताने फिरणारे इंजिन) असते. त्याची बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून पंखा फिरवण्यात जाते, एवढाच फरक. पुष्कळ हवा बेताच्या वेगाने मागे लोटली की कमी इंधनात काम भागते. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि जवळच्या पल्ल्याला हा सौदा फायद्याचाच. वेग फार वाढवला, तर मात्र पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाला भिडू लागतात आणि तिथे जेटच हवे.

पंखा थांबलेला असताना पाते निरखून पाहा. बुडाशी त्याचा कोन मोठा, टोकाकडे कमी होत गेलेला दिसेल. एका फेऱ्यात टोक जास्त अंतर कापते, म्हणून हा पीळ. शिवाय उड्डाणात पात्यांचा कोन बदलता येतो. इंजिन बंद पडलेच, तर ती वाऱ्याकडे धार करून उभी राहतात. (ते पाहण्याची वेळ कुणावर न येवो!)

आवाज जास्त येतो, हे मात्र खरे. मागच्या रांगेतली जागा मागावी.

– एक वाचक, कोल्हापूर