सुध्यास, पंपाच्या केबिनमधून

सोलापूर,
रविवार, रात्रपाळी

प्रिय सुध्या,

काय बे, आहेस का? दिवाळीनंतर तुझा फोन नाही आणि माझाही नाही, म्हणजे तो हिशेब बरोबरीत सुटला. पण मागच्या महिन्यात तू सोलापूरला येऊन गेलास, येताना-जाताना दोन्ही वेळा आमच्या पंपासमोरून गेलास आणि थांबला नाहीस, हे मला श्रीन्याकडून कळलं. ते खातं उघडं आहे. तब्येत ठीक. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला आमच्या घरातली धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे घरात सगळेच हैराण. माझी शुगर जिथे होती तिथेच.

फोन करायचा सोडून लिहितोय, कारण आमच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काच आणि दाराला कडी नाही. आत बोललेलं बाहेर पोरांना ऐकू जातं. आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तो आत्ता समोर दोन नंबरच्या नोझलवर उभा आहे. नाग्याचा ओंकार.

घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. कुणाचं काही गेलेलं दिसत नाही, हीच पंचाईत आहे.

पंपावरची फसवणूक म्हटलं की तुला एकच प्रकार ठाऊक. पाचशेचं सांगितलं, पोरगा दोनशेला थांबला, ‘सॉरी साहेब, दोनशे ऐकलं’ म्हणाला आणि झिरो न करता पुढे तीनशेपर्यंत नेलं. तू पाचशे दिलेस आणि तीनशेचं घेऊन आलास. हे तू श्रीन्याच्या पोरीच्या लग्नात भर पंगतीत सांगितलंस, वर ‘सगळे पंपवाले चोर’ असं जिलबी खात म्हणालास आणि मी पानावरून उठलो. आठवतंय? २०१७ साली ठाणे पोलिसांनी छापे घालून मशिनमधल्या चिपा बाहेर काढल्या तेव्हापासून गिऱ्हाईक आमच्याकडे तसंच बघतं. बघू दे. शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागावं, ते प्रत्येक पंपावर असतं, पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरच्या वर फरक चालत नाही. फिल्टर पेपर मागावा, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकावा, उडून गेल्यावर डाग राहायला नको. हे सगळं फुकट आहे, हवेसारखंच. मागत कुणी नाही. माणसं झिरोकडे डोळे फाडून बघतात आणि हवेच्या मशिनपाशी कोण उभं आहे हे बघत नाहीत.

खरी जत्रा तिथे असते. एक येतो पावतीपुस्तक घेऊन. गोशाळा, अन्नछत्र, अनाथाश्रम, सगळं एकाच पुस्तकात. आपल्या रस्त्याला देवच इतके! तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, पुढे गाणगापूर. गाडीतल्या माणसाच्या कपाळाला आधीच गंध असतं आणि हातात सुटे असतात. दुसरा मायलेज वाढवायच्या औषधाची बाटली घेऊन येतो आणि टाकीचं झाकण उघडं आहे तोवर ओतूनच देतो, पैसे नंतर. तिसरा म्हणतो, ‘साहेब, मागचं चाक हलतंय’. हलत काही नसतं, पण तू उतरून बघेपर्यंत त्याचा जोडीदार दाभण घेऊन दुसऱ्या बाजूला असतो, आणि ट्यूबलेसमध्ये मग चार-चार पंक्चर निघतात. चौथ्याकडे अंगठी असते. पाचवा म्हणतो, चुकून तुमच्या नंबरवर पैसे गेले, हा बघा मेसेज. मेसेज त्यानेच टाइप केलेला असतो. सहावा क्यूआर पुढे करून म्हणतो, पैसे घ्यायला पिन टाका. पैसे घ्यायला कधी पिन लागतो का बे? पण शिकलेली माणसं टाकतात. मी स्वतः एका प्रोफेसरला बसवून १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावून दिला.

आणि चादरवाला! त्याचं ऐक. मला, म्हणजे सोलापूरच्या एमएच १३ ला, सोलापुरी चादर विकायला आला. ‘ओरिजनल सोलापुरी, साहेब, फॅक्टरी बंद पडली म्हणून निम्म्या भावात.’ मी उलटी करून बघितली तर मागून पांढरी. छापील! श्रीन्याला दाखवायला एक घेतली. त्याच्या चार पिढ्या मागावर गेलेल्या, त्याने दोन बोटांत धरली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला, ते इथे लिहिता येत नाही. जकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगात उठते, हे बाहेरच्याला कुठलं माहीत? भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले. हायवेवर मानांकन कोण वाचतंय.

असो. ह्या सगळ्यांना मी ओळखतो, तेही मला ओळखतात. हाकललं की टेंभुर्णीकडे सरकतात, तिकडून हाकललं की परत येतात. पण एमएच १३ च्या वाटेला ह्यातलं सहसा कुणी जात नाही (चादरवाला नवीन होता). लोकल माणूस दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन परत येतो. केए, टीएस, एपी, फार तर पुण्याची गाडी. परत न येणारं गिऱ्हाईक पाहिजे.

आता ओंकार. तू आणि मी, दोघांनी मिळून लावलेला. नाग्या मागायला आला नव्हता हे लक्षात ठेव. तूच फोनवर ‘लावून टाक बे, नाग्याचं पोरगं आहे’ म्हणालास. पोरगं हुशार. पूर्व भागात वाढलेलं, मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही फाडफाड, हिंदी टीव्हीची. आल्यापासून एक गोष्ट करायचं: पेट्रोल भरता भरता समोरची काच पुसून द्यायचं. बाकीच्या पोरांना सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी वायपरला कुणी हात लावत नाही. मालकाने बघितलं, खूश झाला, सगळ्यांसमोर पाचशे रुपये बक्षीस दिलं. तू मला तो व्हिडिओ पाठवला होतास बघ २०२२ साली, काच पुसणारा पोरगा घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो म्हणून? खोटा होता तो, फास्टॅग चालवणाऱ्या एनपीसीआयनेच सांगितलं. फास्टॅगचे पैसे टोलसारख्या नोंदवलेल्या ठिकाणीच जातात, कुणाच्या मनगटावर नाही. तेव्हा मी तुला मूर्ख म्हणालो होतो, ते कायम आहे. पण मग मला दिसलं की ओंकार सगळ्यांच्या काचा पुसत नाही. ट्रकच्या नाही. टॅक्सीच्या नाही. एमएच १३ ची तर कधीच नाही. बाहेरची नंबर प्लेट, मागे बायका-पोरं, पुढे वयस्कर माणूस, देवाचा फोटो, असली गाडी असली की काच पुसली जाते. आणि काच पुसलेली गाडी हवेला गेली की तिथे एक जोडपं उभं राहतं.

तुला ते माहीत असणार. सगळ्या हायवेवर असतं. नवरा, बायको, कडेला पोर, थोड्या अंतरावर बॉनेट उघडून ठेवलेली जुनी गाडी. पाकीट मारलं गेलं, लग्नाला निघालो होतो, फोन बंद पडला. आमचं जोडपं जरा वरच्या क्लासचं आहे: पैसे मागत नाही. ‘पैसे नको अण्णा, फक्त डिझेल टाकून द्या, घरापर्यंत जाऊ.’ कानडी गाडीला कानडीत, तेलुगू गाडीला तेलुगूत. देणाऱ्याला वाटतं, रोख मागत नाही म्हणजे खरा आहे. तो इकडे येतो, ओंकारकडच्या, पंपाच्याच खात्याच्या क्यूआरवर हजार रुपये टाकतो, ओंकार म्हणतो ‘टाकतो मी, तुम्ही निघा साहेब’. साहेब पुण्य घेऊन निघतात.

डिझेल टाकलंच जात नाही. ओंकार आपल्या गल्ल्यातले हजार रोख काढतो आणि त्यांना देतो, स्वतःचा वाटा ठेवून. शिफ्टला लिटर गुणिले भाव बरोबर रोख अधिक ऑनलाइन. ऑनलाइन हजाराने वाढलं, रोख हजाराने घटली. हिशेब पैशाला पैसा जुळतो! मालकाचा एक रुपया गेला नाही. सांग आता, चोरी कुणाची झाली? हैदराबादला आरामात पोचलेला तो माणूस बायकोला सांगत असेल, आज एका कुटुंबाला मदत केली. तो १९३० कशाला लावेल?

मला संशय आला तो आकड्यांनी नाही, त्या पोरामुळे. जोडप्याच्या कडेवरचं पोर एके दुपारी सुटलं, पळत आलं आणि ओंकारच्या पायाला मिठी मारून ‘ओम्यादादा’ म्हणालं. लग्नाला निघालेलं, वाटेत अडकलेलं, तेलुगू पोर! ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये बघत असल्यासारखं केलं. मग रात्री कॉम्प्युटर काढून बसलो. प्रत्येक नोझलची नोंद त्यात असते, वेळ, लिटर, रक्कम. ओंकारच्या क्यूआरला बरोबर हजार जमा, आणि त्या वेळेला दोन नंबरचं नोझल हुकावर. मागच्या तारखा बघितल्या. पाचशे, हजार, पाचशे. पुढचं मी बघितलंच नाही, मशीन बंद केलं आणि चहा घेतला.

आता मला ‘गरिबी’ वगैरे सांगू नकोस. नाग्याची परिस्थिती मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. टॉवेलचा कारखाना बंद झाल्यापासून तो होटगी रोडच्या एका सोसायटीत वॉचमन आहे, गुडघे गेलेत, तरी कुणाकडे हात पसरत नाही. पोरगं मात्र हप्त्यावर घेतलेला फोन मिरवतं. त्याला भूक लागली म्हणून हे चाललेलं नाही. त्याला हे जमतं म्हणून चाललंय, आणि मला चीड त्याची आहे. इतकी अक्कल! हिशेबाची ही युक्ती मला इतकी वर्षं ह्या धंद्यात राहून सुचली नव्हती.

मालकाला सांगितलं तर तो पोलिसात देईल. त्याच्या जागी मीही देईन. जोडपं पळेल, ओंकार एकटा सापडेल. नाग्याला सांगितलं तर? नाग्या त्याला गाडीवर घालून इथे आणेल, मालकासमोर उभा करेल आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगेल. तू त्याला ओळखतोस. कुर्डुवाडीच्या फलाटावर त्याने जे केलं ते मी इथे लिहीत नाही. तो एकटा पुढे झाला, आपण दोघं मागच्या डब्यात बसून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पेपरला बसलो. तो बसला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. तुझी नोकरी, माझी ही खुर्ची, जे काय आहे ते त्या पेपरातलं आहे. आणि आता त्याच्या पोराबद्दल मी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणू?

बायको म्हणते, गप्प बदली कर, रात्रपाळीला टाक, रात्री फॅमिलीच्या गाड्या कमी. टाकला. म्हणून तर आत्ता समोर आहे. पण आमची रात्र म्हणजे खासगी बसचा तासभर थांबा, आणि तो आता तिथल्या प्रवाशांकडे बघायला लागलाय, मला दिसतंय ते. महिनाअखेरीला मालकाचा अकाउंटंट येतो. एकाच पोराचं ऑनलाइन इतकं जास्त का, हे त्याला एका नजरेत कळेल. त्याच्या आधी काहीतरी केलं पाहिजे.

माझ्या मनात असं आहे. उद्या सकाळी पाळी सुटली की त्याला चहाला घेऊन जायचं, पंपावर नाही, मोहोळच्या बाजूला. नोंदी समोर ठेवायच्या. म्हणायचं, आजपासून तू मोबाइलवर पैसे घेणार नाहीस, तुझा क्यूआर मी काढून घेतो, आणि ते जोडपं परत इथे दिसलं तर ११२ ला फोन मी करणार. फोन तुझ्या बापाच्या नावाने नाही, तुझ्या नावाने. आणि कुर्डुवाडीचं त्याला सांगायचं का? तिथे मी अडतो. ती गोष्ट एकट्या माझी नाही, तुझीही आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. त्याला बाप कसा माणूस आहे हे कळलं पाहिजे असं मला वाटतं. पण सांगताना आपण दोघं कसे होतो तेही सांगावं लागेल. तुला चालणार असेल तर नुसतं ‘हो’ लिहून पाठव. चालणार नसेल तर भांडायला फोन कर, पण सकाळी नऊच्या आधी, आणि मी केबिनबाहेर आल्यावर.

बाकी तुझं काय? वहिनींची बदली झाली का? चिन्मयीला हॉस्टेल मिळालं असं ऐकलं, छान झालं. हडपसरच्या फ्लॅटचं पाणी अजून टँकरनेच येतं का? विचारायचं म्हणून विचारतोय, सविस्तर पुढच्या वेळी.

नाग्याला फोन करू नकोस. केलासच तर गुडघ्याची चौकशी कर, ओंकारचं नाव काढू नकोस. त्याला तुझ्या आवाजावरून कळतं, मागेही कळलं होतं.

तुझा,
विजय

ता. क. चिन्मयीच्या हॉस्टेलसाठी श्रीन्याने चादर काढून ठेवली आहे, खरी, दोन्ही बाजूंनी बघून घे. शेंगाची चटणी आईने केली आहे, ती मात्र पाठवणार नाही, इथे थांबून घेऊन जावी लागेल.