मॉनार्क खिंडीच्या अलीकडे

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशाला घेऊन छोट्या विमानाने डेन्व्हरहून कोलोरॅडोच्या डोंगरांवरून गनिसनला मैत्रिणीच्या समारंभाला जायचे तू ठरवलेस, त्यावरून परवा तू रागाने फोन ठेवलास, तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो, म्हणून लिहिणेच बरे. ‘आई, तुला यातले काही कळत नाही,’ असे तू म्हणालीस. विमान चालवण्यातले कळत नाही, हे खरे. पण डोंगर, वारा आणि नकाशा शिकवून मी उभा जन्म पोट भरले आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहिते. ‘जाऊ नकोस’ असे एकदाही लिहायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

तू गेल्या दिवाळीत पाठवलेला डेन्व्हरचा सेक्शनल चार्ट, म्हणजे तुम्हा वैमानिकांचा नकाशा, जेवणाच्या टेबलावर पसरला आहे. चार कोपऱ्यांवर दोन वाट्या, अडकित्ता आणि बाबांचा जुना चष्मा ठेवला आहे. बाबा ताट मांडीवर घेऊन जेवतात आणि अद्याप तक्रार करत नाहीत. आम्ही वर्गात पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे वापरत असू. हा पाच लाखास एक आहे, त्यामुळे माझ्या पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात पाच किलोमीटर. प्रत्येक चौकोनात तो ठळक मोठा अंक छापलेला असतो ना, त्या भागातील सर्वांत उंच जागा सांगणारा, त्याच्याकडे पहिल्या दिवशी माझे लक्षच नव्हते. आता मात्र तेवढाच दिसतो.

तू निघणार त्या सेंटेनियल विमानतळाची उंची 5,885 फूट आहे. आपल्या कळसूबाईचा माथा 5,400 फूट. म्हणजे तुझी धावपट्टीच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या वर आहे, आणि तिथून तू ‘चढायला’ सुरुवात करणार. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग संध्याकाळी त्यांनी तेच शेजारच्या देशपांड्यांना सांगितले, छाती काढून.

आता तुझ्या सरळ मार्गाविषयी. सेंटेनियलवरून नैर्ऋत्येला, साउथ पार्कचे पठार ओलांडून, मॉनार्क खिंडीवरून गनिसन. नकाशावर ही रेघ फार सुंदर दिसते. पण खिंड 11,312 फुटांवर आहे आणि तिच्यावर दोन हजार फूट मोकळे ठेवायचे, असे तूच मला शिकवलेस. म्हणजे तेरा हजार तीनशे. तुझ्या सेस्ना 172 ची उंची गाठण्याची मर्यादा चौदा हजार फूट, तीही प्रमाण तापमानाच्या, म्हणजे त्या उंचीला ठरीव मानलेल्या तापमानाच्या हवेत. त्या उंचीवर ते विमान मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फूट चढणार, आणि साडेबारा हजारांच्या वर अर्ध्या तासाहून अधिक राहिलीस तर वैमानिकाने प्राणवायू वापरलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. नळकांडे बरोबर घेणार आहेस का, हे तू सांगितले नाहीस.

आणि वारा. तो पश्चिमेकडून येतो आणि या रांगा त्याला आडव्या उभ्या आहेत, जसा आपला सह्याद्री नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला आडवा आहे. समोरच्या अंगाने वर चढलेली हवा आडोशाच्या अंगाने खाली कोसळते. आपल्याकडे त्यामुळे माणचे लोक पावसासाठी आभाळाकडे पाहत राहतात. तुझ्याकडे त्यामुळे विमान खाली ओढले जाते. पूर्वेकडून येणाऱ्या वैमानिकाला डोंगराची ही कोसळती बाजू आधी लागते, तीही समोरून वारा असताना, म्हणजे जिथे उंचीची सर्वांत अधिक गरज तिथेच ती हातची जाते. हवा मिनिटाला हजार फूट खाली जात असेल, तर दीडशे फूट चढणाऱ्या यंत्राने काय करावे? त्याने मागे फिरावे. सई, तू मागे फिरशील ना?

तुला स्टीव्ह फॉसेट आठवत असेल. फुग्यातून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, 2002 साली. पुढे 2005 मध्ये विमानातूनही तेच केले. तोच 3 सप्टेंबर 2007 रोजी नेव्हाडातून छोट्या विमानात एकटाच सहज फेरफटका मारायला निघाला, जाण्याचा मार्ग कोठे नोंदवला नव्हता, आणि परतला नाही. विमानाचे अवशेष सिएरा नेव्हाडात मॅमथ लेक्सजवळ मिळाले ते एका वर्षाहून अधिक काळाने. चौकशीचा निष्कर्ष असा की, विमानाच्या चढण्याच्या क्षमतेहून अधिक जोराने खाली जाणाऱ्या हवेत तो सापडला. त्याला ना कौशल्य कमी होते, ना घाई होती. तुला घाई आहे. मैत्रिणीचा समारंभ शनिवारी संध्याकाळी, ईशा मुंबईहून डेन्व्हरला उतरणार शनिवारी सकाळी, म्हणजे तुम्ही दुपारी बारानंतर निघणार, उन्हाने तापलेल्या हवेत, ढग वाढत असताना, आणि पाठीमागे बसलेली ईशा घड्याळ पाहत असताना. मला वारा, उंची, ढग यांची भीती वाटते ती मोजून वाटते. त्या घड्याळाची भीती मोजता येत नाही.

वरंध घाट तुला आठवणार नाही, तू मागच्या सीटवर रुखवताच्या अनारशांचा डबा मांडीवर धरून झोपली होतीस. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त, महाडला आत्याच्या सुमनचे लग्न, आणि भोर सोडल्यावर असा पाऊस लागला की फियाटचे वायपर नुसतेच हलत होते. एका वळणावर रस्त्यात नारळाएवढे चार-पाच दगड पडलेले दिसले. बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरले, वर कड्याकडे पाहिले, आणि काही न बोलता गाडी उलटी वळवली. मी पैठणी नेसून बसले होते. मी त्यांना काय काय बोलले ते तुला सांगण्यासारखे नाही. आम्ही भोरला धर्मशाळेत राहिलो. घाट त्या दिवशी बंद पडला नाही, दरड कोसळली नाही, आमच्या मागून आलेले पुण्याचे वऱ्हाड वेळेवर पोहोचले, आणि आत्याने पुढची दोन वर्षे या घरात पाऊल ठेवले नाही. बाबांनी कधीही आपली बाजू मांडली नाही. मांडणार कशी? जो मागे फिरतो त्याच्या हाती पुरावा कधीच लागत नाही. त्याला फक्त अनारसे खावे लागतात, आणि ते त्यांनी भोरला बसून खाल्ले. तुझे नाक आणि हट्ट माझा आहे, हे सगळे म्हणतात. मी गेले काही दिवस देवाला एवढेच विचारते आहे की तिच्यात बाबांचे काही उतरले आहे की नाही.

असो. मी दुसरी रेघ ओढली आहे, पेन्सिलने. सेंटेनियलवरून डोंगरांच्या पूर्वेने, मैदानावरून दक्षिणेला प्वेब्लो, तिथून वॉल्सनबर्ग, मग हमरस्ता खाली ठेवून ला व्हेटा खिंड, जी फक्त 9,413 फुटांवर आहे. पलीकडे सॅन लुइसचे रुंद खोरे आणि अलामोसाचा विमानतळ. तिथे उतरायचे, इंधन घ्यायचे, पाणी प्यायचे, पुढच्या आकाशाकडे पाहायचे. मग वायव्येला नॉर्थ पास ही खिंड, 10,149 फूट. दोन हजार मोकळे ठेवले तरी साडेबारा हजारांच्या आत. अंतर दुपटीच्या आसपास होते, हे मला मान्य आहे. पण बहुतेक वेळ खाली रस्ता असतो, शेत असते, उतरायला जागा असते. ला व्हेटाला मात्र रस्ता डोळ्यांआड होऊ देऊ नकोस. शेजारची दरी खिंडीसारखी दिसते म्हणून तिच्यात शिरायचे नाही, आणि पश्चिमेला ब्लँका शिखर चौदा हजारांच्या वर उभे आहे. उंची मैदानावर असतानाच मिळवायची, दरीत शिरल्यावर नाही. दरीच्या मधोमध न जाता एका कडेने जायचे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. आणि विरळ हवेत विमानाचा खरा वेग काट्यावर दिसतो त्याहून जास्त असल्यामुळे वळणाचा घेर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे विसरायचे नाही. डोंगराच्या धारेकडे पंचेचाळीस अंशांत तिरपे जायचे, म्हणजे थोडक्या वळणात मोकळ्या बाजूला निघता येते. धारेपलीकडची जमीन अधिकाधिक दिसू लागली तर तू वर आहेस. ती धारेआड लपू लागली तर तू खाली जाते आहेस, मग काटा काहीही म्हणो. शिखरांच्या उंचीवर वारा वीस-पंचवीस नॉटच्या वर असल्याचा अंदाज असेल तर

हे बघ, झालेच शेवटी. तुला व्याख्यान देणार नव्हते. यातले सगळे तुझ्या प्रशिक्षकांनी तुला माझ्याहून चांगले शिकवले आहे, आणि निम्मे मी तुझ्याच मागच्या पत्रांतून उचलून तुलाच परत करते आहे. रागावू नकोस. लेडव्हिलला, 9,934 फुटांवर, प्रशिक्षकांबरोबर उतरल्याचे जे प्रमाणपत्र तुला मिळाले, त्याचा फोटो मी छापून घेतला आहे आणि तो शोकेसमध्ये आक्कांच्या पितळी अडणीशेजारी आहे. गौरीजेवणाला आलेल्या प्रत्येक बाईला तो दाखवला. ‘उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच विमानतळ,’ असे मी म्हणाले की बाबा आतून फुटांचा आकडा सांगत. एवढ्या बायांपुढे मिरवून झाल्यावर आता रात्री जागते, हे हास्यास्पद आहे, मला कळते.

तरीही रविवारच्या परतीचे एक गणित केले आहे, ते लिहितेच. गनिसनचा विमानतळ 7,680 फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान शून्याच्या आसपास. दुपारी पंचवीस अंश झाले आणि वाढलेल्या दर अंशाला एकशेवीस फूट धरले, तर विमानाला ती धावपट्टी जवळजवळ 10,700 फुटांवर असल्यासारखी वाटणार. दोघी, सामान, भरलेली टाकी आणि ईशाने आणलेल्या त्या दोन बॅगा, ज्यातली एक माझ्याच पापड-लोणच्यांची आहे. लोणचे डेन्व्हरला तुझ्या घरी ठेव. वजन करून मग इंधन ठरव, आणि पहाटे गार हवेत निघ.

मला सुचते ते असे. ईशाला शुक्रवारचे तिकीट मिळते का ते मी काकांना पाहायला सांगितले आहे. फरक मी देते. मिळाले तर तुम्ही शनिवारी उजाडताच निघाल, दहाच्या आत पोहोचाल आणि घड्याळ कोणी पाहणार नाही. नाहीच मिळाले, तर गाडीने चार तासांचा रस्ता आहे, आणि भाड्याची गाडी आधीच सांगून ठेवलेली असली की शनिवारी सकाळी आकाश पाहून ‘नको’ म्हणणे सोपे जाते. मैत्रिणीलाही आजच सांगून टाक की आम्ही कदाचित उशिरा येऊ, कदाचित येणारही नाही. तिला वाईट वाटेल. आत्यालाही वाटले होते.

मार्ग नोंदव. कोठे, कधी, किती इंधन, विमानाचा रंग, सगळे. आणि त्याची प्रत मला पाठव, मी टेबलावरच्या नकाशावर ठेवीन. भाड्याच्या विमानातला संकटसूचक, म्हणजे अपघात झाल्यावर हाक देणारा संच, जुना असेल, तर त्याची 121.5 मेगाहर्ट्झवरची हाक 2009 पासून उपग्रह ऐकत नाहीत. 406 मेगाहर्ट्झवर चालणारा, खिशात राहणारा छोटा संच मिळतो, तो घे. माझ्याकडून वाढदिवसाचा समज. तो विमानात नव्हे, अंगावरच्या जाकिटात ठेवायचा. अलामोसाहून पुढे आकाश आवडले नाही तर तिथेच राहा. मॉटेलचे पैसेही माझे.

गनिसनला उतरलीस की आधी नोंदवलेला मार्ग बंद कर, कारण ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने तुझी चौकशी सुरू होते आणि लोकांना उगाच त्रास होतो. मला फोन त्यानंतर. आपल्याकडे रात्र असेल, तरी कर. आणि मागे फिरून सेंटेनियललाच उतरलीस तर तेव्हाही कर.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, विमानात इंधन आणि हवेचे मिश्रण पातळ करण्याचा दांडा लाल रंगाचा असतो का. त्यांना वेगळे उत्तर लिही, ते वाट पाहत आहेत.